आखणीचा ब्रश कुणाच्या हातात?

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. माझी भाची नवी मुंबईत एका कंपनीत नोकरी करते. शनिवारी संध्याकाळी ती हमरापूरला आमच्याकडे आली ती हातात एक गुलाबी मग घेऊन. महिला दिनाची भेट! ‘‘मावशी, आमच्या कंपनीला बक्षीस मिळालं. बायकांना सामावून घेतल्याबद्दल,’’ असं म्हणाली आणि हसली. ते हसणं मला सरळ वाटलं नाही. जेवणं झाल्यावर भांडी विसळता विसळता विचारलं, तेव्हा हळूहळू एकेक बाहेर आलं.

बक्षिसाआधी कंपनीनं सगळ्यांना एक प्रश्नावली भरायला दिली होती. त्यात एक प्रश्न असा, की ‘तुम्हाला इथे आपलेपणा वाटतो का?’ उत्तर एक ते पाच आकड्यांत द्यायचं. पाच म्हणजे अगदी घरच्यासारखं, एक म्हणजे अजिबात नाही. नाव लिहायचं नव्हतं. भाचीनं चार लिहिला.

‘‘चारच का गं?’’

‘‘पाच लिहिला असता तर खोटं झालं असतं. आणि तीनच्या खाली गेलं की साहेब विचारणार, कोणाला काय त्रास आहे?’’

‘‘पण नाव नव्हतं ना लिहायचं?’’

‘‘आमच्या विभागात आम्ही तीनच मुली आहोत मावशी. फॉर्मवर विभाग लिहायचा होता, स्त्री की पुरुष ते लिहायचं होतं, वय लिहायचं होतं. मग नाव कशाला लागतं?’’

तिघींनीही चारच लिहिला होता म्हणे. काही न ठरवता! आणि त्या तीन चारांची सरासरी किती, तर चार. तो चार पुढे अहवालात गेला, अहवाल बक्षिसाला गेला आणि बक्षिसातून हा मग आमच्या ओट्यावर आला. त्यात मी आता चहाची गाळणी ठेवते.

मैत्रिणींनो, ‘डायव्हर्सिटी’ आणि ‘इन्क्लूजन’ हे शब्द आपल्या घरातल्या नोकरदार मुलीसुनांच्या तोंडून तुम्ही ऐकले असतील. पहिल्याचा अर्थ कामाच्या ठिकाणी तऱ्हेतऱ्हेची माणसं असणं. बायका, अपंग, दलित-आदिवासी, तृतीयपंथी, सगळी. दुसऱ्याचा अर्थ त्यांना खरोखर सामावून घेणं. मोठ्या कंपन्यांत यासाठी वेगळी माणसं नेमलेली असतात, शिबिरं होतात, पैसा खर्च होतो. मग साहजिकच प्रश्न येतो, की हे सगळं जमलं की नाही ते मोजायचं कसं?

आपल्याला हा फरक कुणी शिबिरात शिकवायला नको. हल्ली संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा बाईला बऱ्याच ठिकाणी आमंत्रण जातं. ती येते, कडेला बसते, वाणही घेते. पण कुंकू लावायची वेळ आली की करंडा तिच्यावरून पुढे सरकतो. आता आमंत्रणाची यादी काढली तर तिचं नाव त्यात आहेच. तिळगूळ मोजला तर तिच्या हातावरही पडलाय. मोजायचा होता तो करंडा, आणि तो कुणीच मोजला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव किती गावांनी केले ते मोजता येईल. करंडा किती घरांत थांबला, ते शेजारीण सांगू शकेल, तलाठी नाही.

तर भाची सोमवारी गेली, पण तो चार काही माझ्या डोक्यातून जाईना. म्हटलं, लोकांच्या कंपन्यांचं राहू दे, आपल्या गावात काय आहे?

आमचा गाव गणपतीचा. ‘पेणचे गणपती’ म्हणून ज्या मूर्ती मुंबई-पुण्याला आणि पार परदेशात जातात, त्यातल्या कितीतरी हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांतल्या कारखान्यांत घडतात. कारखाना म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे धुराडं येईल. तसं नाही. आमच्याकडे कारखाना म्हणजे घराची पडवी, नाहीतर अंगणातली शेड, वर पत्रा आणि बाजूला ताडपत्री. इथे कसलं धोरण नाही, शिबिर नाही, गुलाबी मग तर नाहीच. पण बायका आहेत. कुठल्याही कारखान्यात डोकवा, बायका आहेतच. कुणी वही घेऊन नुसती डोकी मोजायला आला तर पहिलं बक्षीस आम्हालाच देऊन जाईल!

पण डोकी मोजून झाल्यावर जरा हात मोजावेत. मूर्ती साच्यातून निघाली की तिचे सांधे घासायचे, पॉलिश पेपरनं ती गुळगुळीत करायची, पांढरा हात मारायचा. मग अंगाचा रंग, पितांबर, शेला, दागिन्यांची सोनेरी, कुठे खडे चिकटवणं. आणि शेवटी आखणी, म्हणजे डोळे काढणं. हात जरा हलला की आधीची सगळी मेहनत पाण्यात. त्या दोन डोळ्यांवर मूर्तीचा भाव ठरतो, चेहऱ्यावरचाही आणि बाजारातलाही. म्हणून आखणी करणाऱ्याला मान वेगळा आणि मजुरीही वेगळी.

आखणी करणाऱ्या बायका आमच्याकडे नाहीत असं मी म्हणणार नाही. आहेत, आणि असा हात आहे की बघत राहावं. पण घासायला बसलेल्या बायका मोजा आणि आखणीला बसलेल्या मोजा. दुसऱ्या मोजणीला तुमच्या एका हाताची बोटंही उरतील.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी एकदा हप्ते गोळा करून झाल्यावर सहज विषय काढला. प्रत्येकीला दोनच गोष्टी विचारल्या. पहिल्या वर्षी कारखान्यात काय काम करायचीस आणि आता काय करतेस? एक जण बारा वर्षं जातेय. ती म्हणाली, ‘‘तेव्हा घासत होते, आताही घासतेय.’’ सगळ्या हसल्या. तीही हसली. मग तिनंच सांगितलं, की तिच्याच वर्षी एक मुलगा कामाला लागला होता, शाळा सोडून आलेला. तोही तिच्या शेजारी बसून घासायचा. आज तो डोळे काढतो.

‘‘तुला कुणी शिकू दिलं नाही का?’’ मी विचारलं.

‘‘नाही बाई, असं कोण म्हणंल? शिकवणारा रात्री शिकवतो. दिवसा त्याला उसंत कुठे असते? आठ-साडेआठ झाले, गिऱ्हाईक गेलं, की मग पोरं त्याच्या भोवती बसतात. मी सहाला घरी येते. भाकऱ्या कोण थापणार?’’

मला वाटतं, या प्रकरणाची किल्ली इथे आहे. कारखानदारानं तिला अडवलं नाही. कारागिरानंही नाही. असा कुठला नियम नाही, की ज्यावर बोट ठेवून आपण म्हणावं, बघा अन्याय. फक्त शिकायची वेळ अशी ठरली, की जी बाईच्या घड्याळात नाहीच. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये माणसांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाचा सरासरी वेळ निघाला २८९ मिनिटं आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ८८ मिनिटं. म्हणजे आपले जवळजवळ पाच तास आणि त्यांचा दीड तास. बारा वर्षं घासण्याच्या जागी बसून राहण्याचं कारण या दोन आकड्यांच्या मधे आहे.

भाचीला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, ‘‘आमच्याकडेही असंच आहे मावशी. मोठं काम कुणाला द्यायचं ते संध्याकाळी सातनंतर चहाच्या टपरीवर ठरतं. माझी सव्वासहाची गाडी असते.’’ कंपनीच्या अहवालात तो टपरीवरचा चहा कुठेच नाही.

तुम्ही म्हणाल, मग आकडे नकोतच का? तसं म्हणून चालणार नाही. मोजल्याशिवाय काय होतं तेही आपण पाहिलंय. कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली विशाखा खटल्यात नियम घालून दिले, २०१३ मध्ये कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे तक्रार समिती हवीच असं कायदा सांगतो. दहा वर्षांनी, २०२३ च्या मे महिन्यात, गोव्यातल्या एका प्रकरणात न्यायालयापुढे हा विषय आला, तेव्हा देशातल्या ३० राष्ट्रीय क्रीडा संघटनांपैकी १६ संघटनांनी समितीच नेमली नव्हती ही बातमी न्यायालयानं निकालात नोंदवली. कुणीतरी मोजलं म्हणून कळलं. नाहीतर कुस्तीच्या मुली रस्त्यावर बसल्या नसत्या तोवर सगळं आलबेलच होतं!

तेव्हा आकडा हवा. पण आकडा मागितला की माणसं आकडा पुरवायला शिकतात, हे आपल्या इतकं कुणाला ठाऊक? १९९३ पासून ग्रामपंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. आणि लगेच ‘सरपंचपती’ नावाचं नवं पद गावोगाव तयार झालं. सही बाईची, खुर्ची बाईची, बोलणार मात्र ‘साहेब’. आपण खेड्यातल्या बायकांना नावं ठेवत होतो, पण शहरात काय वेगळं झालं? २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर निदान एक बाई हवी असं बंधन घातलं. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं शेअर बाजारातल्या कंपन्यांना एप्रिल २०१५ ची मुदत दिली. मुदत जवळ आल्यावर बऱ्याच कंपन्यांनी मालकाची बायको, बहीण, मुलगी, जी हाताशी होती ती नेमली. संचालकपतीच म्हणा की! मग सेबीला नियम बदलावा लागला. २०१९ पासून सगळ्यात मोठ्या ५०० कंपन्यांना आणि पुढच्या वर्षापासून १००० कंपन्यांना सांगितलं, की बाई हवी आणि ती स्वतंत्र हवी, मालकाच्या घरातली चालणार नाही.

तरी सरपंच बायकांबद्दल मी एक सांगेन. पहिल्या खेपेला नवऱ्याच्या मागे उभ्या राहणाऱ्या काही जणी दुसऱ्या खेपेला त्याच्या पुढे उभ्या राहिलेल्या मी स्वतः पाहिल्यात. म्हणून मोजायचं तर पहिल्या दिवशी मोजून थांबू नये.

पहिल्या दिवशी फोटो निघतो, हार पडतात. त्यानंतर काय होतं? आपल्या एसटीचंच बघा. २०१९ मध्ये बायकांना ड्रायव्हर म्हणून शिकवायला सुरुवात झाली, तेव्हा केवढं कौतुक झालं. प्रत्यक्ष प्रवासी घेऊन पहिली बाई स्टेअरिंगवर बसली ती २०२३ च्या जूनमध्ये. मधे कोरोना होता, संप होता, सगळं खरं. पण २०१९ मध्येच ‘यशस्वी’ असा शिक्का मारणाऱ्यानं काय मोजलं होतं?

केरळात कोची मेट्रोनं २०१७ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना नोकऱ्या दिल्या, तेव्हा जगभर नाव झालं. थोड्याच दिवसांत त्यातल्या काही जणींनी नोकरी सोडली. कामात खोट नव्हती, पगारही मिळत होता. त्यांना शहरात कुणी भाड्यानं खोली देईना. नोकरी देणाऱ्यानं दार उघडलं आणि घरमालकानं बंद केलं. आता सांगा, नेमणुकांचा आकडा बघून हे कसं कळणार होतं? सोडून गेलेल्यांना कारण विचारलं तेव्हा कळलं.

म्हणून मला वाटतं, सगळ्यात बोलका आकडा सोडून जाणाऱ्यांचा. त्यातही बाळंतपणानंतरचा. २०१७ मध्ये कायदा बदलून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही या तरतुदी आल्या आहेत. रजा किती जणींनी घेतली हे सगळे सांगतात. परत किती आल्या? आणि परत आलेल्यांपैकी वर्षभरानं किती टिकल्या? शेअर बाजारातल्या सगळ्यात मोठ्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून हे दोन्ही आकडे सेबीला द्यावेच लागतात. स्त्री-पुरुषांचा पगारही द्यावा लागतो, आणि तो सरासरीनं नाही. सगळ्या बायकांना पगाराप्रमाणे एका रांगेत उभं केलं तर बरोबर मधे जी येते, तिचा पगार. मला हे फार आवडलं. सरासरीत एखाद्या मोठ्या मॅडमचा पगार बाकीच्या पन्नास जणींना वर उचलून धरतो. मधल्या बाईच्या मागे कुणाला लपता येत नाही. तुमची मुलगी-सून अशा मोठ्या कंपनीत असेल तर तिला सांगा, हा अहवाल कंपनीच्या नावानं कुणालाही वाचता येतो.

याच अहवालात छळाच्या तक्रारी किती आल्या तेही द्यावं लागतं. तिथे ‘शून्य’ दिसलं की सगळे खूश होतात. मी नाही होत. आमच्या बैठकीत पहिली दोन वर्षं कुणीच नवऱ्याच्या मारझोडीबद्दल बोललं नव्हतं. म्हणजे मारझोड नव्हती का? तिसऱ्या वर्षी एक बोलली आणि मग पाच जणी बोलल्या. त्या वर्षी आमच्या गटाचा ‘अहवाल’ लिहिला असता तर लोक म्हणाले असते, या गटात भलतंच वाढलंय. वाढला होता तो विश्वास. जिथे शेकडो बायका काम करतात आणि वर्षानुवर्षं शून्यच येतो, तिथे आधी समितीतल्या बायकांची नावं कामगारणींना माहीत आहेत का ते विचारावं.

आणि आपल्यासारख्या छोट्या ठिकाणी? आमच्या कारखान्यात चार माणसं असतील, सहा असतील, तिथे समिती नसते. पण कायद्यानं जिल्ह्यासाठी एक स्थानिक समिती ठेवलेली आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर तिच्याकडे जायचं. घरकामाला जाणाऱ्या बायकांनाही जाता येतं. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावं लागतं, आणि लिहिता येत नसेल तर लिहून घेण्याची मदत समितीनंच करायची. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा एकीनंही आधी ऐकलेलं नव्हतं. ज्या दाराचा पत्ताच कुणाला माहीत नाही, तिथे गर्दी नाही म्हणून समाधान कसलं मानायचं?

काही गोष्टी तर कागदावर येतच नाहीत. आमच्या एका बैठकीत मी विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेडमध्ये पत्रा तापतो, प्लास्टरची पूड घशात जाते, आणि या बायका पाणी पीत नाहीत. का? तर जायला जागा नाही. ज्या कारखान्याला लागून घर आहे आणि घरच्या बाईचा स्वभाव चांगला आहे, तिथल्या बायका पाणी पितात. मला विचाराल तर सामावून घेणं मोजायला याच्याइतकी सोपी फुटपट्टी नाही, ना प्रश्नावली लागते ना सरासरी. आणखी एक. वाडीवरच्या कातकरी मुली कामाला येतात. दुपारी डबे उघडतात तेव्हा त्या कुठे बसतात, हे मी बघत असते. इथे मी कारखानदाराला दोष देणार नाही. ती जागा त्यानं ठरवलेली नाही, आपण बायकांनीच ठरवलेली आहे.

आणि ज्या हजेरीवर मुळातच नाहीत त्यांचं काय? मघाशी म्हटलं ती ‘घरची बाई’. कारखाना नवऱ्याचा, म्हणजे घरचा. ती सकाळी सगळ्यांचा चहा करते, मग येऊन रंगाला बसते, दुपारी जेवण वाढते, पुन्हा बसते, ऑर्डर घाईची असेल तर रात्री एकपर्यंत. तिला मजुरी नाही. तिला विचारलं ‘काम काय करतेस?’ तर म्हणते, ‘घरीच असते.’ सरकारी पाहणीत देशातल्या काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झालं. केवढी उडी! पण या वाढीत मोठा वाटा शेतीतल्या आणि घरच्या धंद्यातल्या बायकांचा आहे. काम करणाऱ्या बायकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त या ‘घरच्या उद्योगात मदतनीस’ या रकान्यातल्या आहेत. म्हणजे काम आहे, पगार नाही. तिची गणती झाली हे चांगलंच झालं. पण ४१.७ हा आकडा भाषणात ऐकला तर टाळी वाजवण्याआधी आमच्या शेजारणीला एकदा आठवा.

हे सगळं डोक्यात घेऊन मी ओळखीच्या एका कारखानदार भाऊंकडे गेले. माणूस चांगला, मजुरी वेळेवर देतो. पण त्यांचंही काही चुकीचं नव्हतं. पीओपीच्या मूर्तींवर बंदी येणार, आली, उठली, असं २०२० पासून चाललेलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियम, कोर्टाच्या तारखा. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं मूर्ती घडवायला मोकळीक दिली तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला होता. म्हणाले, ‘‘वहिनी, मी धंदा वाचवू की बायका मोजत बसू?’’

मी म्हटलं, ‘‘भाऊ, ऑर्डर थांबली होती तेव्हा घरी कुणाला पाठवलंत?’’

ते जरा थांबले. मग म्हणाले, ‘‘घासणाऱ्यांना. आखणीवाल्याला सोडून कसं चालेल? तो दुसरीकडे गेला तर परत मिळायचा नाही.’’

म्हणजे बघा, मंदीत पहिली सुट्टी कुणाला, हाही मोजमापाचा एक आकडा. घासणाऱ्या सगळ्या बायका म्हणून सुट्टीही सगळी बायकांना. त्यांच्या मनात बायकांबद्दल काहीच वाईट नव्हतं, मला ठाऊक आहे.

‘‘मग त्यांना आखणी शिकवा.’’

‘‘रात्री थांबतील तर शिकवतो की!’’

‘‘दुपारी शिकवा.’’

‘‘दुपारी माझा माणूस रिकामा कुठे आहे?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी त्यांच्याच घरातून चहा घेऊन आलेल्या वहिनी म्हणाल्या, ‘‘गणपती गेल्यावर पंधरवड्यात काम थंड असतं ना, तेव्हा बसवा.’’ एवढी वर्षं धंदा बघणाऱ्या बाईला जे सुचलं ते मला आणि भाऊंना सुचलं नव्हतं.

तर पितृपंधरवड्यात दुपारी दोन ते चार असं ठरलं. डाग पडलेल्या, कान तुटलेल्या मूर्ती शिकायला घेतल्या. बचत गटातल्या चौघी बसल्या. एकीच्या सासूबाई आजारी पडल्या, ती आठवड्यात सुटली. एकीची मान दुखायला लागली, तिनं सांगितलं की घासणंच बरं. दोघी टिकल्या. त्यातली एक ती बारा वर्षंवाली. तिचे पहिले डोळे मी बघितले, एक गणपती जरा तिरळाच झाला होता. ती म्हणाली, ‘‘माझ्याकडे रागानं बघतोय.’’

नव्या मोसमात तिला भाऊंनी लहान मूर्तींची आखणी दिली आहे, तीही आठवड्यातून दोन दिवस. बाकी दिवस घासणंच. मजुरी त्या दोन दिवसांची वेगळी धरायची की नाही, यावर अजून बोलणं चाललंय. मी दर महिन्याला जाऊन विचारते, त्यामुळे भाऊ हल्ली मला लांबून बघितलं की फोन कानाला लावतात.

भाचीकडे यंदा पुन्हा तोच फॉर्म आला. या खेपेला तिच्या विभागातल्या तिघी आधी एकत्र बसल्या, डबा खाता खाता बोलल्या आणि तिघींनी दोन लिहिला. खाली ‘सूचना’ अशी दोन ओळींची जागा होती, तिथे लिहिलं, कामाचं वाटप सहाच्या आत करावं. आता दोन आठवडे होऊन गेले. अजून कुणी बोलावलेलं नाही. रोज संध्याकाळी गाडीत बसली की ती मला मेसेज करते, ‘आजही नाही.’